हवेतली खोली नंबर सात

आम्ही निघालो होतो आंबागडच्या किल्ल्यावर आणि पोहोचलो मॅंगनीजच्या खाणीत. तिथे जे झालं ते मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी शेवटी "बरं, पण खरं काय झालं?" असंच विचारलं. म्हणून एकदा जसं झालं तसं लिहून ठेवते.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतरचा हा दुसरा की तिसरा हिवाळा. बाबा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी तिकीट-खिडकीच्या मागे काढली, शेवटची बरीच वर्षं वरठीला, भंडारा रोड स्टेशनवर. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांतच त्यांनी घर वेळापत्रकावर चालवायला घेतलं. भात शिजायला उशीर झाला, की आईला विचारायचे, "किती मिनिटं लेट?" आई शेवटी भावाला म्हणाली, "यांना कुठंतरी फिरवून आण, नाहीतर मीच निघून जाते." भावाने तेव्हा एक जुनी मारुती व्हॅन घेतली होती. तिचं मागचं सरकतं दार आतून उघडायचं नाही, बाहेरूनच उघडावं लागायचं. बाकी गाडी चांगली होती. मी सुटीत माहेरी आले होते, म्हणून मीही निघाले. पुऱ्या, वांग्याची भाजी, दही-भात, चिवडा असा सगळा डबा आईने पहाटेच बांधला.

तुमसरला आत्याला घ्यायचं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. बाबा तिला बाई म्हणायचे आणि ती त्यांना, ते साठ वर्षांचे झाले तरी, बाबूच म्हणायची. ती राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहायची. हंगाम असल्यामुळे गल्लीभर धानाच्या कोंड्याचा वास होता आणि आत्याच्या केसांवरही कोंडा बसला होता. गाडीत बसण्याआधी तिने एक पाय बाहेर ठेवूनच विचारलं, "किल्ल्यावर काय हाये?"

"तटबंदी हाये, बाई. बुरूज हायेत," बाबा म्हणाले.

"तुह्या बुरुजावर माहे गुडघे चढतीन का?"

"मंग तू खाली बस. डब्याजवळ."

"डबा राखाले आनलं का मले? मले खानीत ने. आपलं घर पाहाचं हाये."

हे घर आम्ही कोणीच पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं पुष्कळ होतं. माझे आजोबा खाणीत सुरुंगासाठी छिद्रं पाडायचे आणि आजी हातोडीने दगड फोडून त्यातला धातू निवडायची. खाणीजवळच्या डोंगरावर मजुरांच्या खोल्यांच्या दोन ओळी होत्या, त्यांना सगळे लाईन म्हणायचे. वरच्या लाईनीत खोली नंबर सात आमची. आत्या आणि बाबा दोघंही तिथेच जन्मले. बाबा सात वर्षांचे असताना कुटुंब तिथून निघालं, आणि तुमसरहून तासाभराच्या वाटेवर असूनही दोघांपैकी कोणी परत गेलं नाही.

त्या खोलीचं दार कुठल्या बाजूला होतं, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना वाद. बाबा म्हणायचे पूर्वेला, कारण सकाळी अंथरुणात असताना ऊन त्यांच्या तोंडावर यायचं. आत्या म्हणायची पश्चिमेला, कारण संध्याकाळी चुलीपाशी बसलं की मावळतं ऊन तिच्या डोळ्यात जायचं. लग्नात, मयतीत, कुठेही दोघं भेटले की हा वाद व्हायचाच. एका मयतीला तर लोक तिरडी उचलायला थांबले होते आणि हे दोघं अंगणात हात लांब करून एकमेकांना दिशा दाखवत होते.

त्यामुळे खाणीचं नाव निघताच बाबा म्हणाले, "चाल. आज पाहूनच घेऊ." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "डबा कुठंही खाता येतो."

खाणीच्या गेटवर एक चौकीदार होता. मध्यम वयाचा, अंगावर खाकी स्वेटर, पुढ्यात टेबल आणि टेबलावर जाडजूड रजिस्टर. त्याने भावाला विचारलं, "कोनाले भेटाचं हाये?"

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "आमच्या घराले."

"इथी घर नाही, आई. इथी खान हाये."

"तेच तं. खानीतच हाये घर."

बाबा उतरले. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. रजिस्टर समोर दिसल्यावर ते कोरं ठेवणं त्यांना जमणं शक्य नव्हतं. खिशातून पेन काढून त्यांनी एकेक रकाना भरला. 'कोणास भेटणार' इथे लिहिलं, 'स्वतःच्या घरास'. 'काम' इथे थोडा विचार करून लिहिलं, 'पाहणी'.

चौकीदाराने ते वाचलं आणि ताडकन उभा राहिला. आत जाऊन त्याने फोन उचलला. आम्हाला बाहेर ऐकू आलं: "साहेब, पाहनीवाले आले. पाच हायेत. नाही जी, सांगितलं नव्हतं. लेडीज पन हायेत."

दहा मिनिटांत आतून एक गृहस्थ जवळजवळ पळत आले. शर्टाची बटणं लावत, हातात फाईल घेऊन. ते खाणीचे सर्व्हेयर निघाले, म्हणजे जमिनीची मोजणी आणि नकाशे ज्यांच्याकडे असतात ते. नागपूरकडचे, मिशा पूर्ण पांढऱ्या, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. त्यांनी बाबांना नमस्कार केला, आईला केला, आणि मग विचारलं, "कोणत्या खात्याकडून?"

"आम्ही घरून आलो," आई म्हणाली.

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. सर्व्हेयर आधी हुश्श झाले, मग चौकीदाराकडे रागाने पाहू लागले. आम्हाला परत पाठवणार हे दिसतच होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "वरची लाईन. खोली नंबर सात."

ते थबकले. "वरची लाईन? जुनी?"

"आमच्या वेळी नवीच होती."

"ती तर नकाशात आहे," ते हळूच म्हणाले.

"नकाशात हाये म्हंजे हाये नं?"

"नकाशात आहे," त्यांनी पुन्हा म्हटलं, पण शब्द जपून वापरल्यासारखं.

पुढे त्यांनी आत फोन करून परवानगी काढली. "मी सोबत आहे, वरूनच दाखवतो," असं काहीतरी बोलले. आम्हाला पिवळी हेल्मेटं मिळाली. आत्याने आधी डोक्यावर पदर घेतला आणि त्यावर हेल्मेट चढवलं. चौकीदार म्हणाला, बुटाशिवाय आत सोडता येणार नाही. बूट होते, पण सगळे दहा नंबरचे. आईने ते चपलेसकट घातले आणि तशीच ठक ठक चालत गाडीत जाऊन बसली. चौकीदाराने व्हॅनमध्ये काचेला टेकवलेला निळा जयभीमचा झेंडा पाहिला, बाबांना "जयभीम, काका" म्हणाला आणि गेटला कुलूप लावून स्वतःही आमच्यात बसला. पाहुण्यांसोबत एक माणूस लागतो, असा नियम होता म्हणे. गेटवर कोण, हे कोणी विचारलं नाही.

खाणीच्या कडेला तारेचं कुंपण घालून केलेली एक सपाट जागा होती. आम्ही उतरलो आणि कुंपणापाशी गेलो.

फोडलेला डोंगर दिसेल असं मी धरून चालले होते. तिथे डोंगर नव्हताच. समोर जमीन संपत होती आणि खाली पायऱ्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या, एकेक पायरी दोन मजली घराएवढी, लाल, मग करडी, मग काळी. तळाशी हिरवं पाणी साचलं होतं. त्याच्या कडेने डंपर चालले होते ते काड्यापेटीएवढे दिसत होते. पलीकडची कड इतकी लांब होती, की तिथली झाडं धुरकट वाटत होती.

आत्याने कुंपणाच्या तारेला धरून खाली पाहिलं. मग आत्या म्हणाली, "डोंगर कुठी गेला?"

"खोदला, आई," सर्व्हेयर म्हणाले. "धातू गाडीनं गेला. माती-दगड तिकडे टाकला." त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. तिकडे खरोखरच एक डोंगर होता, वर ओळीने झाडं लावलेला.

आत्याने तो नीट पाहून घेतला. "म्हंजे डोंगर इथून उचलून तिथी ठेवला."

"तसंच म्हणा."

"काहून? इथी काय वाईट होता?"

सर्व्हेयरांनी हातातली फाईल उघडून पाहिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

मला वाटलं आत्या आता रडेल. बाबांचा चेहरा तर उतरलाच होता. पण आत्या चिडली होती. ती कुंपणाला धरून म्हणू लागली, "तो आंबागडचा पहाड तिथी हाये. म्हंजे तळं इकडं. चिचेचं झाड इकडं. बाबू, आपलं घर तं मधातच होतं." आणि तिने हात पुढे करून खड्ड्याच्या वर, रिकाम्या हवेत एक जागा दाखवली.

"नाही बाई, जरा इकडं," बाबा म्हणाले आणि त्यांनी हवेतच दुसरी जागा दाखवली.

"तिथी संडास होता."

"संडास लाईनीच्या मागं होता!"

आता सर्व्हेयरांना राहवेना. ते चौकीदाराला म्हणाले, "माझ्या खोलीतून थिओडोलाइट आण. आणि जुन्या नकाशांची नळी." चौकीदार व्हॅन घेऊन गेला. त्याला व्हॅन कोणी दिली ते आठवत नाही, बहुधा भावाने. परत आल्यावर यंत्र घ्यायला पुढून मागच्या सीटवर शिरला आणि सरकत्या दाराच्या आत अडकला, भावाने बाहेरून काढला.

नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि घड्यांवर झिजून पारदर्शक झाला होता. सर्व्हेयरांनी तो व्हॅनच्या पुढ्यात जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार हेल्मेटं ठेवली. वरच्या लाईनीचे चौकोन त्यात अगदी स्पष्ट होते. एक, दोन, तीन, असे आकडेसुद्धा. बाबांनी सातवर बोट ठेवलं आणि ते काढेनात. सर्व्हेयर तिवई उभी करून, तिच्यावर ते मोजणीचं, दुर्बीण असलेलं यंत्र बसवून, कागदावर आकडेमोड करू लागले. मधेच स्वतःशीच म्हणत होते, "उंची काढली पाहिजे. डोंगराची उंची त्या वेळची." एवढं मन लावून काम करणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. शेवटी त्यांनी दोन चक्रं फिरवली, एक स्क्रू घट्ट केला आणि बाजूला झाले.

"या, आई. दोन तारा एकमेकींवरून जातात ना, तिथे खोली नंबर सात."

आत्या वाकली. हेल्मेट यंत्राला आपटलं, ते तिने मागे सारलं. एक डोळा मिटून पाहिलं आणि दचकून मागे सरली. "हे तं उलटं हाये! आभाळ खाली हाये!"

"जुनं यंत्र आहे. त्यात उलटंच दिसतं."

तिने पुन्हा डोळा लावला. "घार आली," म्हणाली. "घरात घार शिरली, बाबू. उतानी उडून राहिली." मग बाबांनी पाहिलं, आईने पाहिलं, मी पाहिलं. दोन काळ्या तारा, पलीकडची लाल माती वर आणि आभाळ खाली, आणि मधे काही नाही. तरी मी पाहतच राहिले. चौकीदारानेही पाहिलं आणि तो आत्याला म्हणाला, "हवेशीर जागा होती, आई." भावाने त्या हवेचे चार फोटो काढले. ते पुढे आम्हाला मिळाले नाहीत. स्टुडिओवाला म्हणाला, रिकामे आले होते म्हणून धुतले नाहीत.

"आता दार," बाबा म्हणाले. "नकाशात दार कोणत्या बाजूला हाये?"

सर्व्हेयरांनी चष्मा वर करून नकाशावर जवळजवळ नाक टेकवलं. "व्हरांड्याची रेघ आहे इथे. म्हणजे दारं उत्तरेला."

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत्याकडे पाहिलं.

"नकाशा चुकला," आत्या म्हणाली.

"चुकला," बाबा म्हणाले. "उत्तरेला कसं राहीन?"

"सरकारी नकाशा चुकत नाही, साहेब," सर्व्हेयर म्हणाले.

"तुमी राहत होते का तिथी?" आत्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच या दोघा बहीणभावांचं त्या दाराबद्दल एकमत झालेलं मी पाहिलं, की ते उत्तरेला नव्हतं.

सर्व्हेयर बिचारे पेचात पडले. नकाशा सोडवेना आणि आत्यालाही दुखवायचं नव्हतं. त्यांनी चौकीदाराला चुन्याची फक्की आणायला सांगितली, टेप काढला, आणि त्या सपाट जागेवर नकाशातल्या मापाची खोली आखली. खऱ्या आकाराची. पूर्वेला एक फट ठेवली, पश्चिमेला एक. उत्तरेला अगदी बारीक, वीतभर, स्वतःच्या समाधानासाठी.

खोली इतकी लहान होती, की आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहून नुसते पाहत राहिलो. आजी-आजोबा, चार पोरं आणि आजोबांची म्हातारी आई, सात माणसं त्या चौकोनात झोपायची. आत्या पश्चिमेच्या फटीतून आत गेली, बाबा पूर्वेच्या. आई डबा घेऊन सरळ रेघ ओलांडून आत शिरली तेव्हा आत्या ओरडली, "वयनी, भिंत हाये तिथी!" आई दहा नंबरच्या बुटांत मागे वळली, फिरून दारातून आली. चौकीदाराने चपला, म्हणजे बूट, बाहेर काढले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तिथेच जेवायला बसलो. खोलीत, दाटीवाटीने, गुडघ्याला गुडघा लावून. बाहेर एवढं मोठं मैदान मोकळं होतं, पण रेघेबाहेर कोणी पाय पसरला नाही. सर्व्हेयर आणि चौकीदारही बसले. आत्या सांगत होती: इथी चूल, इथी पान्याचा मडका, इथी माय झोपे. मग एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "आनं इथी बाबूची नाळ पुरली."

चौकीदाराने त्या कोपऱ्यातला आपला पाय काढून घेतला.

"मग ती नाळ कुठं गेली?" आईने विचारलं. आईला अर्धवट गोष्ट आवडत नाही.

सगळ्यांनी सर्व्हेयरांकडे पाहिलं. त्यांनी घास गिळला आणि गंभीरपणे विचारलं, "किती खोल पुरली होती?"

"हातभर."

"मग ती वरच्या मातीत गेली असणार. म्हणजे तिकडे, नव्या डोंगरात. खाली धातूपर्यंत असती तर गाडीनं गेली असती. पोलादात मॅंगनीज घालतातच. रुळांत तर जरा जास्तच."

"रुळात!" आत्याने पुरी खाली ठेवली. "म्हनूनच हा रेल्वेत लागला."

"बाई, मी परीक्षा देऊन लागलो," बाबा म्हणाले.

"परीक्षा तं सगळेच देतेत."

"पण ते म्हणून राहिले, नाळ तिकडं डोंगरात हाये म्हणून."

"त्यांचा नकाशा चुकलेला हाये," आत्या म्हणाली आणि तिने सर्व्हेयरांना आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांब, रडल्यासारखा. सर्व्हेयर घाईने उठले. "ब्लास्टिंग आहे. शेडमध्ये चला."

आम्ही उठेपर्यंत आत्या उठली होती. मी तिला त्या वयात एवढ्या झपाट्याने हलताना कधीच पाहिलं नव्हतं. तिने भाजीच्या भांड्यावर झाकण दाबलं, पुऱ्या फडक्यात बांधल्या, पाण्याची बाटली काखेत घेतली आणि दुसऱ्या हाताने बाबांचं मनगट धरलं. "चाल बाबू. पाठी पाहू नोको." ती त्यांना ओढत पश्चिमेच्या दारातून बाहेर घेऊन गेली. पांढऱ्या केसांचे, पिवळ्या हेल्मेटातले बाबा आखूड पावलं टाकत तिच्या मागे मागे गेले, जसे त्या वेळी जात असतील. त्या वेळी रोज भोंगा झाला की लाईनीतल्या सगळ्यांना खोल्या सोडाव्या लागायच्या, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. घरात आई-बाप नसायचे, दोघंही कामावर. लहान भाऊ आणि भांडी, दोन्ही तिच्यावर.

शेडमध्ये तिने दोन्ही तळव्यांनी बाबांचे कान झाकले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

पायाखालची जमीन जराशी थरथरली. मग एक दबका आवाज आला, जाड गोधडी खाली पडावी तसा. खड्ड्यातून थोडी धूळ वर आली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं," चौकीदार म्हणाला.

"एवढंच?"

आत्याने तरी हात काढले नाहीत. दुसरा भोंगा, सगळं सुरक्षित असल्याचा, होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिने हात काढले, बाबांच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली आणि म्हणाली, "चाल, जेवून घे."

पण बाहेर आलो तर धूळ बसवण्यासाठी पाणी मारणारा टँकर नुकताच तिथून गेला होता. सगळी जागा ओली झाली होती. चुन्याच्या रेघा विरघळून दुधासारखं पाणी उताराने कुंपणाकडे चाललं होतं आणि थेंब थेंब खड्ड्यात पडत होतं. सर्व्हेयरांना आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "थांबा, पुन्हा आखतो. पाच मिनिटं," ते म्हणाले.

"राहू द्या, भाऊ," आत्या म्हणाली. "आता कोन झाडत बसते?"

उरलेला दही-भात आम्ही व्हॅनमध्ये खाल्ला.

परत गेटवर आलो तेव्हा चौकीदाराने कुलूप काढलं, हेल्मेटं आणि बूट मोजून घेतले, आणि मग एकदम पुन्हा चौकीदार झाला. "गाडी चेक करा लागते," म्हणाला. खाणीतला दगड बाहेर नेता येत नाही. त्याने डिकी पाहिली, सीटखाली पाहिलं, आणि आत्याच्या पदराच्या गाठीकडे पाहून संकोचून म्हणाला, "आई, ते काय हाये?"

आत्याने गाठ सोडली. आत मुठीएवढा काळा, चकचकीत दगड होता. तिने तो कधी उचलला आम्हाला कळलंच नव्हतं.

"हा नेता येत नाही, आई."

"माह्या मायनं असे किती फोडले असतीन, मोजले का कोनं?"

"नेता येत नाही," तो खाली मान घालून म्हणाला. एवढा वेळ आमच्यासोबत जेवलेला माणूस, त्याला ते बोलताना जड जात होतं हे दिसत होतं. आत्याने दगड त्याच्या हातात दिला. तो त्याने टेबलावर ठेवला, मग रजिस्टरवर ठेवला, मग पुन्हा टेबलावर. त्याचं काय करायचं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

गेटबाहेर गाडी दहा पावलं गेली असेल, तोच आत्या म्हणाली, "थांबव." भावाने उतरून तिचं दार उघडलं. ती रस्त्याच्या कडेला गेली, वाकली, धुळीतून एक काळपट दगड उचलला आणि चौकीदाराला दिसेल असा उंच धरला. "हा भायेरचा हाये!" ती ओरडली. चौकीदाराने लांबून दोन्ही हात जोडले.

भावाने गाडी चालवता चालवता तो हातात घेऊन पाहिला. "आत्या, हा तर साधा गोटा हाये. रस्त्याच्या गिट्टीतला. मॅंगनीज जड असते."

"तुले काय समजते?" आत्या म्हणाली. बाबा त्याला म्हणाले, "दे बाईले." भावाने तो दिला.

पुढे कितीतरी वर्षं तो दगड आत्याच्या स्वयंपाकघरात होता. दुधाच्या भांड्यावर झाकण आणि झाकणावर तो. शेजारच्या मिलमधली मांजरं उंदीर मारायला ठेवलेली होती, पण त्यांना दूधच जास्त आवडायचं. मी गेले की आत्या चहा ठेवायला उठायची, दगड उचलून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धर जरा, खाली ठेवू नोको." मी तो धरून बसायचे. फारच हलका होता.